संकटात खंबीर राहिलेली बहीण नंतर का कोसळली?

एका भावाचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटी बहीण ३४ वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे मनःस्थिती कधी मेनियाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाते त्या मानसिक आजाराचं, निदान झालं; गेली सहा वर्षं ती लिथियम या औषधावर उत्तम होती. दोन महिन्यांपूर्वी वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते १८ दिवस अतिदक्षता विभागात होते. घरातले बाकी सगळे गळून गेले, ती एकटी उभी राहिली. डॉक्टरांशी बोलणं, विम्याची कागदपत्रं, आईला धीर देणं, सगळं तिने केलं. वडील वाचले, घरी आले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिलाच मेनियासाठी, म्हणजे उत्साह आणि वेग हाताबाहेर जाण्याच्या अवस्थेसाठी, दाखल करावं लागलं. आता नातेवाईक म्हणतात, ‘हिचा स्वभावच तसा, सगळं अंगावर ओढवून घेते.’ भावाला कळत नाहीये की तो खंबीरपणा खरा होता की आजाराचाच भाग होता. आणि यापुढे तिला अशा प्रसंगांपासून लांब ठेवायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकतो. लांब ठेवू नका. एक तर ते जमणार नाही, संकट विचारून येत नाही. आणि ‘तुला झेपणार नाही’ असं घरच्यांनी ठरवून टाकलेल्या माणसाचं काय होतं, ते मी बरंच पाहिलं आहे. त्याला पुढच्या वेळी काही सांगितलंच जात नाही, मग बाहेरून कळतं, आणि तो धक्का मूळ घटनेपेक्षा मोठा असतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. स्वभाव कुठल्या दिवसापर्यंत होता आणि आजार साधारण कुठल्या दिवसापासून सुरू झाला, हे बहुतेक वेळा नंतर शोधता येतं. ते कसं शोधायचं हेच या उत्तरात मुख्यतः सांगायचं आहे.

‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण म्हणतो. बायपोलरच्या बाबतीत ही म्हण मला फार उपयोगी वाटते, कारण ती शब्दशः खरी आहे. औषध आजाराला असतं. लिथियमने तुमची बहीण अबोल होणार नाही आणि तशी ती व्हावी अशी अपेक्षाही नको. घोळ होतो तो घरात या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यावर. बरी असताना ती मोठ्याने हसली तरी ‘गोळी घेतली का?’, आणि खरोखर मेनिया चढत असताना मात्र ‘तिचा स्वभावच उत्साही आहे.’

स्वभाव आणि या आजाराचं नातं जुनं आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने लिहून ठेवलं की या रुग्णांमध्ये, आणि त्यांच्या नातेवाइकांमध्येही, आजाराच्या दोन झटक्यांच्या (मेनिया किंवा नैराश्य उसळण्याच्या) मधल्या काळातसुद्धा काही कायमच्या छटा दिसतात: कुणी मुळात उदास, कुणी सदा उत्साही, कुणी चिडका, कुणी चढउताराचा. पुढे हागोप अकिस्कल हे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात चिंताळू स्वभावाची भर घातली आणि पाच प्रकारांची ११० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अनेक भाषांत वापरली जाते. मी ती प्रत्येकाला देत नाही. पण ‘आजार सुरू होण्याआधी, कॉलेजच्या वयात ही कशी होती?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक घराला विचारतो. त्याचं उत्तर रुग्णाने एकट्याने देऊन चालत नाही. मेनियात असलेला माणूस म्हणतो, मी कायमच असा आहे. नैराश्यात असलेलाही तेच म्हणतो.

या पाचांतले दोन संकटात फसवे ठरतात. सदा उत्साही माणूस संकटात खुलतो. त्याला मुळातच झोप कमी लागते, माणसं जमवता येतात, निर्णय पटकन घेता येतात. अशा माणसाचा पहिला आठवडा आणि सौम्य मेनिया यांत बाहेरून फारसा फरक दिसत नाही. आणि चढउताराच्या स्वभावाचा माणूस सकाळी रडतो, दुपारी विनोद करतो, त्यामुळे घरचे पहिल्या दिवसापासूनच त्याच्याकडे धास्तीने बघतात. उदास स्वभावाची माणसं संकटात पुष्कळदा बरी टिकतात, कारण वाईट घडेल हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. चिडक्या स्वभावाच्या माणसाची भांडणं होतात आणि त्यातून औषध बंद करण्याचा हट्ट निघतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. चिंताळू माणूस स्वतःच डॉक्टरांना फोन करतो, त्याची काळजी मला सगळ्यांत कमी वाटते.

एक उदाहरण सांगतो, ओळख लागू नये इतके तपशील बदलून. चाळिशीतला एक गृहस्थ, आई कृत्रिम श्वासोच्छ्वासावर. तो एक वही घेऊन बसायचा. दर तासाला रक्तदाब, ऑक्सिजन, नाडी, लघवीचं प्रमाण, सगळं लिहायचा. नर्सेसना त्याचं कौतुक. नंतर त्याच्या बायकोने ती वही माझ्यासमोर ठेवली. पहिली सहा पानं बारीक, सरळ, निळ्या शाईत. सातव्या दिवसापासून अक्षर मोठं होत गेलं. नवव्या दिवशी लाल शाई आली, समासात बाण आले. अकराव्या दिवशी आईच्या नाडीचा आणि त्याच्या स्वतःच्या जन्मतारखेचा संबंध जोडणारी एक आकृती होती, पूर्ण पानभर. बायको म्हणाली, ‘तो सहाव्या दिवसापासून घरी झोपायला आलाच नाही. आम्हाला वाटलं, आईवर किती जीव आहे.’ जीव होताच. पण पानं उलटत गेलं की स्वभावातून आजार कसा उगवतो ते दिसत होतं, आणि झोप गेल्याची तारीख त्या अक्षराच्या एकच दिवस आधीची होती.

झोप कमी होण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. ताणामुळे झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी दमलेला असतो. डोळे चुरचुरतात, शब्द सापडत नाहीत, खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागते. मेनियाकडे निघालेल्या माणसाला तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटतं. त्याला झोप येत नाही असं नसतं, त्याला तिची गरजच उरत नाही. त्या अठरा दिवसांत तुमच्या घरात कुणीच नीट झोपलं नसणार. फरक एवढाच की एका कुठल्या तरी सकाळपासून तुमची बहीण दमलेली दिसायची थांबली असेल. तुम्हाला तेव्हा बरं वाटलं असेल.

थॉमस वेहर हे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलं की दुःख, प्रवास, बाळंतपण, काही औषधं अशी मेनियाची कारणं वेगवेगळी दिसली तरी त्यांतली पुष्कळशी शेवटी झोप तुटण्याच्या एकाच वाटेने येतात. मला हे रोजच्या कामात पटत आलं आहे. दुःख हे मेनियाचं कारण कसं असेल, असं लोक विचारतात. असतं. जवळचं माणूस गेल्यावर रडण्याऐवजी मेनिया झालेले रुग्ण वैद्यकीय साहित्यात फार पूर्वीपासून नोंदलेले आहेत. शोकात रात्री जागवल्या जातात, घर माणसांनी भरतं, औषधाच्या वेळा चुकतात.

मग वडील घरी आल्यावर, सगळं निवळल्यावर ती का कोसळली? याची एक बाजू सरळ आहे: झोपेची तूट साचलेली होती. दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. मानसशास्त्रज्ञ शेरी जॉन्सन यांनी २००० मध्ये दाखवलं की ध्येय गाठल्याच्या घटनांनंतर, म्हणजे चांगल्या घटनांनंतर, बायपोलरच्या रुग्णांत मेनियाची लक्षणं वाढतात. परीक्षा पास होणं, नोकरी लागणं, लग्न ठरणं यांसारखंच ‘मी वडिलांना वाचवून घरी आणलं’ हेही एक ध्येय आहे. त्या दिवशी तुम्ही सगळे हुश्श करून झोपलात. तिचं इंजिन मात्र तेव्हाच सगळ्यांत जोरात होतं, आणि पहारा उठला होता.

आता चिवटपणाबद्दल. इंग्रजीतल्या ‘रेझिलियन्स’ला पुस्तकी मराठीत ‘लवचिकता’ म्हणतात, बोलताना आपण ‘खंबीर’ म्हणतो. मला दोन्ही शब्द इथे अपुरे वाटतात. खंबीर म्हणजे न हलणारा. पण या आजारात हलणं ठरलेलंच आहे. मला जवळचा वाटतो तो ‘सावरणं’ हा शब्द. तोल जातो हे त्यात गृहीत आहे. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. अतिशय कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं व्यवस्थित मोठी झाली. ती मुलं दगडासारखी नव्हती. त्यांच्यातल्या बहुतेकांना निदान एक तरी स्थिर, भरवशाचं मोठं माणूस लाभलं होतं.

चिवटपणा मोजायच्या प्रश्नावल्याही आहेत. कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ सालची २५ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, तीत ० ते १०० गुण मिळतात. चांगलं साधन आहे, पण संकटाच्या ऐन मध्यावर बायपोलरच्या रुग्णाने भरलेली अशी प्रश्नावली मी बाजूला ठेवतो. ‘काहीही आलं तरी मी तोंड देईन’ याला सौम्य मेनियातला माणूस मनापासून पूर्ण गुण देतो. खोटं बोलत नसतो, त्याला तसंच वाटत असतं. म्हणून पहिल्या दिवसाच्या धीरावरून मी काहीच ठरवत नाही. तिसऱ्या आठवड्यात तो किती वाजता झोपतो ते विचारतो.

याच्या उलट एक बाई आठवतात. स्वभाव चढउताराचा, डोळ्यांत पाणी कायम तयार. नवऱ्याचा अपघात झाला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, महिनाभर दवाखाना. सासूबाईंनी मला फोन करून आधीच सांगितलं, ‘हिचं काही खरं नाही.’ या बाई रोज रडल्या. लिफ्टमध्ये रडल्या, माझ्या खोलीत रडल्या. पण रात्री साडेदहाला दिराला गादीजवळ बसवून त्या उठायच्या, घरी जायच्या, गोळी घ्यायच्या आणि सकाळी साडेसहापर्यंत झोपायच्या. नातेवाइकांनी नावं ठेवली, नवरा तिकडे असा आणि ही घरी झोपते म्हणून. त्यांचा ठरलेला जबाब होता, ‘मी आजारी पडले तर तुम्हाला दोन खाटा सांभाळाव्या लागतील.’ महिना संपला तेव्हा त्या घरातल्या सगळ्यांत बऱ्या अवस्थेत होत्या. वीस वर्षांच्या आजारपणातून त्या हे शिकल्या होत्या, मी शिकवलेलं नाही.

त्या बाईंनी स्वतः शोधलेली गोष्ट एलन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी उपचाराच्या रूपात बांधली आहे. दिवसातल्या पाच वेळा धरायच्या: उठण्याची, पहिल्यांदा कुणाशी बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची, अंथरुणावर पडण्याची. रुग्णाने या वेळा रोज लिहून ठेवायच्या आणि शक्य तितक्या जागच्या जागी ठेवायच्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १७५ रुग्णांच्या अभ्यासात, झटक्याच्या काळात हा उपचार मिळालेले रुग्ण पुढे जास्त काळ नव्या झटक्याशिवाय राहिले, आणि ज्यांच्या दिनक्रमात नियमितपणा वाढला त्यांना त्याचा फायदा दिसला. संकटात पाचही वेळा सांभाळता येत नाहीत. मी दोनच मागतो: उठण्याची आणि झोपण्याची. रात्रीची पाळी बायपोलर असलेल्या माणसाला द्यायची नाही, हा नियम घरात आधीच ठरलेला असावा. दिवसा तिने बारा तास किल्ला लढवला तरी चालेल. पुष्कळ कुटुंबांत दिवसाचं काम करणारं माणूस दुर्मीळ आणि रात्री खुर्चीत बसणारं सहज मिळणारं असतं, तेव्हा ही वाटणी सहसा कुणाला जड जात नाही.

औषधांबद्दल काही गोष्टी संकटात हमखास चुकतात. लिथियम घेणाऱ्याने पाणी कमी प्यायलं, घाम, उलट्या किंवा जुलाब झाले, की रक्तातली पातळी वाढते. साधारणपणे ती ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर या पट्ट्यात ठेवतात, आणि विषबाधेची हद्द त्याच्या फार लांब नाही. धावपळीत डोकं-पाठ दुखली म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं जातं, त्यानेही पातळी चढते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. हात ठळकपणे थरथरायला लागले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर ‘ताण आहे’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी तपासणी करा. याउलट, धावपळीत लिथियम एकदम बंद पडलं तर पुढच्या काही महिन्यांत मेनिया उलटण्याचा धोका बराच वाढतो. तुमच्या बहिणीच्या त्या अठरा दिवसांतल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजता आल्या तर मोजा. दोष देण्यासाठी नाही, तिच्या डॉक्टरांना माहिती म्हणून.

लॅमोट्रिजिन हे बायपोलरमध्ये दिलं जाणारं दुसरं औषध घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पाच-सहा दिवस गोळी चुकली असेल तर पूर्वीच्याच मात्रेने परत सुरू करायची नाही. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो, म्हणून पुन्हा कमी मात्रेपासून चढावं लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि स्वतःच्याच शारीरिक आजारासाठी स्टेरॉइड सुरू करायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांना बायपोलरबद्दल सांगायलाच हवं, स्टेरॉइडने मेनिया उफाळू शकतो.

नातेवाइकांचं बोलणं हीसुद्धा छोटी बाब नाही. घरात टीका, टोमणे आणि अतिकाळजी यांचं वातावरण असेल तर झटका उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी १९८८ मध्ये बायपोलरच्या रुग्णांबाबत दाखवलं, आणि त्यावरूनच पुढे कुटुंबासाठीचा उपचार उभा राहिला. ‘सगळं अंगावर ओढवून घेते’ हे वाक्य टीकेसारखं ऐकू येत नाही, पण ते ऐकणाऱ्याला काय कळतं? की मी केलं ते चुकलं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ते चुकलेलं नाही. पहिले काही दिवस तरी तिने जे केलं ते तिच्या कर्तबगारीचं होतं, आणि त्याचं श्रेय आजाराला देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पुढचे काही महिने मला जास्त काळजीचे वाटतात. मेनिया उतरल्यावर पुष्कळदा नैराश्य येतं, आणि त्यात लाज मिसळते: मी दवाखान्यात काय बोलले, कुणाला काय फोन केले, किती पैसे उधळले. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. ती गप्प झाली, कुणाला भेटेनाशी झाली, ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलली, तर सरळ विचारा, ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांकडे किंवा आपत्कालीन विभागात न्या. घरात जमा असलेल्या गोळ्या, लिथियमसकट, कुणीतरी आपल्या ताब्यात ठेवा.

ती पुरती स्थिरावली, म्हणजे झोप आणि भूक महिनाभर जागेवर राहिली, की एक कागद तिच्याकडूनच लिहून घ्या. तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात. झोप किती तासांच्या खाली गेली की डॉक्टरांना कळवायचं आणि सलग किती रात्री. मी साधारण सहा तास आणि दोन रात्री धरतो, तिचा आकडा वेगळा असू शकेल. कुणी कळवायचं, हे नावानिशी. पैशांचे मोठे व्यवहार तेवढ्यापुरते कुणाकडे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणी कुठल्या शब्दांत टोकलं तर ती ऐकेल. मला एका रुग्णाने लिहून दिलं होतं, ‘दादाने सांगितलं तर ऐकेन, पण सगळ्यांसमोर नाही, आणि आवाज चढवून नाही.’ त्या एका ओळीने पुढचा झटका दवाखान्याबाहेरच निपटला.

तो कागद लिहायला बसाल तेव्हा सुरुवात कॅलेंडरपासून करा. त्या अठरा दिवसांचं पान समोर ठेवा आणि तिला विचारा, शेवटची पूर्ण झोप कुठल्या रात्री झाली. आईला वेगळं आठवेल, तुम्हाला वेगळं. थोडा वाद होईल, होऊ द्या. जी तारीख ठरेल तिच्यावर गोल करा आणि ते पान पुढच्या भेटीला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.